हॉल खेळासाठी बांधला होता: खान्देशातल्या क्रीडा संकुल समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
जिल्हा क्रीडा संकुल समित्या,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार

विषय: बंदिस्त बहुउद्देशीय हॉलमधली जमीन खेळासाठीच राखून ठेवण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या शहरातल्या बंदिस्त हॉलची लाकडी जमीन उखडायला सुरुवात झाली. मी सकाळी फिरायला निघते ती त्याच रस्त्यानं. दाराशी फळ्यांचा ढीग पडला होता. त्यातली एक फळी उचलून मी घरी आणली. हातभर लांबीची, सागाची. तिच्या एका कडेला दोन बोटं रुंद पांढरी रेघ आहे, आणि त्या रेघेवर पसरलेला हळदीच्या तेलाचा पिवळा डाग. रेघ बॅडमिंटनच्या कोर्टाची. डाग कुठल्या लग्नाचा, ते आता कुणालाच सांगता यायचं नाही. ही फळी समोर ठेवूनच हे पत्र लिहायला बसले आहे.

मी खान्देशातल्या एका शाळेत 32 वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं. त्याआधी कॉलेजात कबड्डी खेळले. शहराचं आणि हॉलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कुणा एकाकडे बोट दाखवायचं असतं तर रीतसर तक्रार अर्ज दिला असता. पण मुलींचे संघ घेऊन मी तिन्ही जिल्ह्यांत फिरले आहे, आणि थोड्याफार फरकानं हीच कहाणी मला बऱ्याच ठिकाणी दिसली. तुमच्यासमोर आज ना उद्या एखाद्या जुन्या हॉलच्या दुरुस्तीचा नाहीतर नव्या हॉलच्या आराखड्याचा कागद येईल. त्यावर सही होण्याआधी एका हॉलचा इतिहास तुमच्या कानावर घालावा, एवढ्यासाठी हा खटाटोप. मागणं एकच आहे: हॉलची जमीन खेळाची आहे, ती खेळाला द्या.

हॉल नव्हता तेव्हाचे दिवस आठवतात. आम्ही मुली शाळेच्या मैदानावर कबड्डी खेळायचो. मैदान काळ्या मातीचं. मृगाचा पहिला पाऊस पडला की आठ-आठ दिवस त्यात पाय घालायची सोय नसे, चपलेला शेर-शेर चिखल यायचा. पाऊस सरला की माती वाळायची, भेगा पडायच्या, आणि पकड करताना कोपर त्या भेगेच्या कडेवर सोलून निघायचं. चैत्र-वैशाखात पारा 44-45 अंशांवर जातो हे तुम्हाला मी सांगायला नको. सकाळी नऊनंतर मैदानावर उभं राहवत नाही. आणि वारा! बॅडमिंटन खेळायला घेतलं की शटल मारलं इकडे, पडलं तिकडे. वर्षाचे महिने मोजले तर उन्हाळा उन्हात गेला, पावसाळा चिखलात गेला, राहिला हिवाळा, त्यात सहामाही परीक्षा आणि गॅदरिंग. म्हणून खान्देशात छताखालची जमीन ही चैन नव्हती आणि आजही नाही. कोकणात पावसासाठी छप्पर लागतं, आपल्याला ऊन, पाऊस आणि वारा तिन्हींसाठी लागतं.

मुंबईत वरळीला 1957 सालीच बंदिस्त स्टेडियम उभं राहिलं होतं, सरदार वल्लभभाई पटेलांच्या नावाचं. कोलकात्यात 1975 च्या जागतिक टेबल टेनिस स्पर्धेसाठी नेताजी इनडोअर स्टेडियम झालं. आमच्या गावापर्यंत या बातम्या पोचल्या असतील तरी कुणाच्या मनात काही हललं नाही. हललं ते 1982 च्या एशियाडनं. दिल्लीत इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियम बांधलं गेलं आणि ते टीव्हीवर दिसलं. आमच्या पेठेत तेव्हा मोजके टीव्ही. ज्यांच्याकडे होता त्यांच्या ओसरीपासून रस्त्यापर्यंत माणसं बसलेली. छताखाली हजारो माणसं बसून खेळ बघताहेत, खेळाडूंच्या डोक्यावर ऊन नाही, पायाखाली ढेकूळ नाही, हे आम्ही पहिल्यांदा पाहिलं. आमच्या शेजारचे एक काका, आयुष्यभर तालमीत घुमलेले, त्या रात्री म्हणाले होते, "आपल्या पोरांनी काय पाप केलं आहे?"

त्यानंतर चार-पाच वर्षांनी हॉलचं काम निघालं. सरकारी पैसा होता, पण तो पुरणार नव्हता. जिनिंगवाल्यांनी दिले, सराफांनी दिले, केळीच्या व्यापाऱ्यांनी दिले. शाळाशाळांतून डबे फिरले. मी कॉलेजात होते. आम्ही मुलींनी पेठेत दुकानोदुकानी जाऊन पावत्या फाडल्या. एका बोहारणीनं दिलेले पाच रुपये मला अजून आठवतात. तिनं विचारलं होतं, "यात पोरी पण खेळतील का?" आम्ही हो म्हणालो होतो.

पाया खोदताना बघायला मी रोज जायची. तापी-गिरणेच्या खोऱ्यातली काळी माती कापसाला आणि केळीला सोन्यासारखी, बांधकामाला मात्र तिचा भरवसा नाही. पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर सरळ कोबा टाकला तर दोन पावसाळ्यांत तो खालून उचलला जातो आणि तडकतो. घराच्या फरशीला तडा गेला तर त्यावर चटई टाकून चालतं. खेळाच्या जमिनीला बोटभर जरी उंचवटा आला तरी तिथं घोटा मुरगळतो. म्हणून त्या वेळच्या मिस्त्रींनी काळी माती पूर्ण संपेपर्यंत खणलं, सगळी बाहेर काढली, आणि मुरूम थराथरानं टाकून, पाणी मारून, धुमसून घेतला. हे काम बरेच दिवस चाललं. लोक कंटाळले, पैसे मातीत घालताहेत म्हणाले. पण त्या कोब्याला मी निवृत्त होईपर्यंत एक तडा पाहिला नाही. नव्या हॉलांचे आराखडे करताना हे जरूर बघा. वरच्या चकचकीत जमिनीची किंमत सगळे विचारतात, खालच्या मुरुमाची कुणी विचारत नाही.

छताच्या उंचीवरून मोठा वाद झाला होता. उंची कमी केली तर लोखंड वाचत होतं, आणि हिशेब करणाऱ्यांचं म्हणणं होतं की माणूस काही पाच-सहा मीटर उडी मारत नाही. तेव्हा रेल्वेत नोकरीला असलेले आणि तरुणपणी बॅडमिंटन खेळलेले एक गृहस्थ पुढे झाले. त्यांनी मैदानात तीन बांबू एकावर एक बांधून उभे केले, पहाटे वारा पडलेला असताना सगळ्यांना बोलावलं, आणि रॅकेटनं एका मागून एक उंच शटल मारून दाखवली. शटल बांबूच्या शेंड्यावरून जात होतं. तिथल्या तिथे छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्या वर घ्यायचं ठरलं. आज बॅडमिंटनच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी 12 मीटर उंची मागतात, साध्या क्लबच्या खेळालाही 9 मीटर तरी हवी. व्हॉलीबॉलला जमिनीपासून किमान 7 मीटर मोकळी जागा लागते, जागतिक स्पर्धांना 12.5 मीटर. एकदा छत बुटकं झालं की पन्नास वर्षं ते बुटकंच राहतं. त्या गृहस्थांचं नाव हॉलच्या कुठल्याच पाटीवर नाही.

सुरुवातीला नुसता गुळगुळीत कोबा होता. 1994 साली पुण्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या, त्यासाठी बालेवाडीचं संकुल उभं राहिलं. आमच्याकडचे काही जण ते बघून आले आणि लाकडी जमिनीचा ध्यास घेऊन आले. काही वर्षांनी ती झाली. लाकडी जमीन म्हणजे कोब्यावर चिकटवलेल्या फळ्या नव्हेत. खाली लाकडी पट्ट्यांची चौकट असते, तिच्याखाली रबराचे तुकडे, वर फळ्या. उडी मारून खाली आलं की जमीन किंचित दबते आणि गुडघ्याला बसणारा हिसका स्वतःवर घेते. शहाबादी फरशीवर वर्षभर उड्या मारलेल्या मुलीचे गुडघे आणि लाकडावर मारलेल्या मुलीचे गुडघे यांत काय फरक पडतो, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मग रेघा आल्या. मला वाटतं, हॉलचा खरा जन्म त्या दिवशी झाला. बॅडमिंटनच्या पांढऱ्या, व्हॉलीबॉलच्या पिवळ्या, बास्केटबॉलच्या काळ्या, कबड्डीच्या लाल. 28 बाय 15 मीटरच्या बास्केटबॉल कोर्टाच्या पोटात व्हॉलीबॉलचं 18 बाय 9 चं कोर्ट, आणि त्यांना छेदून जाणारी 13.40 बाय 6.10 ची बॅडमिंटनची कोर्टं. नव्या मुलीला पहिले दोन दिवस चक्कर यायची. तिसऱ्या दिवशी डोळ्यांना आपल्या खेळाची रेघ तेवढीच दिसायला लागायची, बाकीच्या पुसल्या जायच्या. 'बहुउद्देशीय' या शब्दाचा अर्थ मी त्या जमिनीवर शिकले. एकाच जमिनीवर सहा खेळ, प्रत्येकाची वेळ वेगळी, प्रत्येकाची रेघ वेगळी. दारात काळा फळा होता. त्यावर खडूनं रोजच्या वेळा लिहिल्या जायच्या: पहाटे साडेपाचला मोठ्यांचं बॅडमिंटन, सातला शाळांचे संघ, संध्याकाळी पाचला मुली, सातला व्हॉलीबॉल. फळ्यावरचं ते वेळापत्रक मी माझ्या वहीत उतरवून घ्यायची, सोबत आज किती मुली आल्या तेही. ती सवय निवृत्तीपर्यंत राहिली.

इथं एक गोष्ट जरा विस्तारानं सांगते, कारण समित्यांमध्ये अजूनही असं समजतात की बंदिस्त हॉल म्हणजे बॅडमिंटन खेळणाऱ्या चार सुखवस्तू घरांची सोय. तसं राहिलेलं नाही. आपले मातीतले खेळ छताखाली गेले आहेत. खाशाबा जाधव 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा मातीत घडलेल्या त्या पैलवानाला गादीची सवय नव्हती, तरी ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दिल्लीच्या इंदिरा गांधी संकुलातल्या एका बंदिस्त हॉलला आज त्यांचंच नाव आहे. महाराष्ट्र केसरीतही माती विभाग आणि गादी विभाग असे दोन भाग असतात, आणि शेवटची कुस्ती दोन्ही विभागांच्या विजेत्यांत लागते. आपल्या चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरींनी 2014, 2015 आणि 2016 अशी लागोपाठ तीन वेळा ती गदा आणली. ज्याला पुढे जायचं आहे त्याला गादीवर उतरावंच लागतं, आणि गादी उघड्यावर अंथरता येत नाही.

कबड्डीचं तर पूर्णच पालटलं. 1990 साली बीजिंगच्या एशियाडपासून कबड्डी तिथं पदकासाठी खेळली जाते, मुलींची 2010 पासून. मुलींचा पहिला विश्वचषक 2012 साली पाटण्याच्या कंकडबागच्या बंदिस्त हॉलमध्ये झाला आणि भारतानं जिंकला. आपल्या महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के त्या संघात होत्या. 2014 साली प्रो कबड्डीचा पहिला सामना वरळीच्या त्याच 1957 च्या स्टेडियममध्ये झाला. खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत इंदिरा गांधी स्टेडियममध्ये मॅटवर खेळला गेला, मुलामुलींचे दोन्ही चषक भारतानं नेपाळला हरवून घेतले, आणि दोन्ही संघांचे कर्णधार मराठी, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर. मातीवर पायाच्या बोटांनी जमीन धरून वळायची सवय असते. मॅटवर बूट घालून वळावं लागतं, पाय अडकतो, तोल वेगळा जातो. ज्या मुलीनं जन्मात मॅट पाहिली नाही ती विभागीय स्पर्धेत पहिल्या चढाईलाच अडखळते. माझ्या किती मुली अशा पहिल्या पाच मिनिटांत हरून परत आल्या. खेळात त्या कमी नव्हत्या, जमीन अनोळखी होती. आणि खेळाडूंना सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण 2005 पासून आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून आलेल्या मुलीला त्या पाच मिनिटांची किंमत काय पडते, याचा विचार करा.

आता लग्नांबद्दल.

हॉलमध्ये पहिलं लग्न लागलं ते एका चांगल्या कारणानं. ज्येष्ठात अवचित वादळ झालं, एका गरीब घरच्या मुलीचा मांडव उडाला, अन्न भिजलं, वऱ्हाड येऊन उभं. कुणीतरी धावत गेलं आणि हॉलची किल्ली आणली. मी स्वतः त्या पंगतीत वाढलं आहे. ते योग्यच झालं, आजही तसंच करावं. पण पुढच्या वर्षी दुसरं लग्न आलं, त्याला वादळाचं कारण नव्हतं. मग दर ठरला. मग तारखा ठरायला लागल्या. काही वर्षांत प्रदर्शनं आली, सेल आले, सत्कार आले, मतमोजणी आली, मतमोजणीच्या आधी आणि नंतर पेट्या ठेवायला बंदोबस्तात आठवडे गेले. दारातला काळा फळा कुणीतरी काढला आणि तिथं बुकिंगच्या फोन नंबरची पाटी लागली.

सगळ्यात वाईट काय झालं, ते माझ्या वह्या चाळताना ध्यानात आलं. आपल्याकडे लग्नसराईचा जोर एप्रिल-मे महिन्यांत. मुलांच्या परीक्षा संपतात त्याही एप्रिलमध्येच, सुट्टी मेमध्ये. ज्या दोन महिन्यांत मुलांकडे दिवसभर वेळ असतो, बाहेर उन्हामुळे खेळता येत नाही आणि छताची सगळ्यात जास्त गरज असते, नेमके तेच दोन महिने हॉल त्यांच्या हातून गेला. एका वर्षीच्या मे महिन्यात माझ्या वहीत 31 पैकी 19 दिवसांपुढे 'बंद' असं लिहिलेलं आहे. उन्हाळी शिबिराला धरणगाव-एरंडोलकडच्या खेड्यांवरून आलेल्या मुली सकाळी सहाला दाराशी उभ्या होत्या, आणि वॉचमन आप्पा म्हणाले, "ताई, आज हॉलमा हळद शे." त्यांचा काही दोष नव्हता, त्यांनाच जास्त वाईट वाटत होतं. एक मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, आते खेळाले कथा जावानं?" (आता खेळायला कुठं जायचं?) मी त्या सगळ्यांना बसस्टँडवर सोडून आले.

मांडववाल्यांचे खांब रोवायला फळ्यांत भोकं पडली. प्लास्टिकच्या खुर्च्या ओढून ओढून रेघा आधी फिकट झाल्या, मग तुटल्या, मग गेल्या. वरण-बट्टीचं तूप आणि वांग्याच्या भाजीचं तेल सांडलं की दुसऱ्या दिवशी नळी लावून जमीन धुतली जायची. लाकूड पाणी पितं, फुगतं, कडेला उचलतं. काळ्या मातीपासून ज्या जमिनीला वाचवायला माणसांनी इतकं खणलं होतं, तीच जमीन वरून पाणी ओतून ओतून उचलली गेली. एका संध्याकाळी माझ्या शाळेतली एक मुलगी, चढाई करून परत फिरताना, न दिसलेल्या तेलाच्या डागावरून घसरली. गुडघ्याचा लिगामेंट तुटला. नववीत होती. ऑपरेशन झालं, चालते आता नीट, पण पुन्हा कबड्डी खेळली नाही. तिचे वडील हमाली करायचे. ते मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तुमची अडचण मी समजू शकते. विजेचं बिल येतं, वॉचमनचा पगार असतो, दिवे फुटतात, पत्रा गळतो, आणि मुलांच्या महिन्याच्या फीमधून हे भागत नाही. बांधकामाला निधी मिळतो, चालवायला मिळत नाही, हे मी बैठकांतून ऐकलेलं आहे आणि ते खरं आहे. मोठ्या शहरांतली स्टेडियमंही भाड्यानं जातात. वरळीत कार्यक्रम होतात, दिल्लीत गाण्याचे जलसे होतात, कोलकात्याच्या नेताजी स्टेडियममध्ये राजकीय मेळावे भरतात. पण त्या शहरांत एका हॉलचं दार बंद झालं तर खेळाडूला दुसरं दार आहे. आपल्याकडे पन्नास-साठ किलोमीटरच्या टापूत मुलांना तेवढी एकच जमीन असते. ती गेली की खेळ त्या दिवसापुरता संपतो, आणि सुट्टीतले दोन महिने गेले की वर्षापुरता.

कोविडच्या काळात वरळीच्या त्याच स्टेडियममध्ये रुग्णांसाठी खाटा लागल्या होत्या. आमचा हॉलही त्या कामाला दिला गेला. त्याबद्दल माझ्या मनात काडीचाही सल नाही. संकटात छप्पर माणसांना द्यायचंच असतं. माझं म्हणणं रोजच्या दिवसांबद्दल आहे.

पैशाची वाट काढता येईल. लग्नाला जमीन लागत नाही, जागा लागते. हॉलच्या बाहेर पार्किंगच्या बाजूला मोकळं पटांगण असतंच, तिथं वेगळं शेड आणि स्वयंपाकाचा ओटा बांधून द्या, त्याचं भाडं हॉलच्या देखभालीला लावा. पहाटे आणि रात्री साडेआठनंतर मोठ्या माणसांना बॅडमिंटनसाठी चढ्या फीनं वेळ द्या, ते आनंदानं देतात. दुपारच्या वेळा शाळांना वर्षभरासाठी करारानं द्या. यातून सगळं भागेल असं मी म्हणत नाही. उरलेली तूट शहरानं सोसावी. वाचनालयाची तूट आपण सोसतोच ना?

नवी जमीन घालताय तर छताचंही बघा, कारण उन्हाळ्यात मुलं हॉलमध्ये टिकत नाहीत अशी तक्रार पुढे करून ते महिने लग्नांना देण्याचं समर्थन होतं. आपल्याकडे एकेरी पत्र्याखाली मेच्या दुपारी भट्टी होते. पंखे लावावेत तर शटल भरकटतं, त्यामुळे बॅडमिंटनवाले पंखे बंद करा म्हणतात आणि घामानं जमीन ओली होते. हा झगडा मी वर्षानुवर्षं सोडवत आले. उपाय अवघड नाहीत: दुहेरी पत्रा आणि मध्ये उष्णता अडवणारा थर, वरून पांढरा रंग, गरम हवा माथ्यावरून निघून जाईल अशा झडपा, आणि हवा खेळेल पण कोर्टावर झोत येणार नाही अशा उंचीवर खिडक्या. खिडक्या कोर्टाच्या दोन टोकांना नकोत, बाजूंना हव्यात. समोरून उजेड आला की शटल दिसत नाही. वातानुकूलित यंत्रणेच्या गोष्टी निघताहेत असं कानावर आलं. ती बसवायला पैसे मिळतील, चालवायला मिळणार नाहीत, आणि मग तिचं बिल फेडायला पुन्हा लग्नं येतील.

कायमचं स्टेज बांधायचाही विचार आहे म्हणतात. कृपा करून बांधू नका. स्टेज आलं की एका टोकाची मोकळी जागा गेली. बास्केटबॉलच्या बोर्डामागे धावत गेलेला मुलगा कठड्यावर आदळेल. आणि स्टेज असलेल्या हॉलचं पुढं काय होतं ते वर लिहिलं आहे.

शेवटी माझ्या वह्यांबद्दल. धुळ्यात इतिहासकार वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांनी गावोगाव फिरून जमवलेले कागद तिथं जपले गेले. शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखितांची बाडं सांभाळली. खान्देशाला कागद जपायची अशी परंपरा आहे. पण ज्या हॉलसाठी आमच्या गावानं वर्गणी काढली त्याच्या इतिहासाचा एकही कागद जागेवर नाही. पावतीपुस्तकं गेली, देणगीदारांची यादी गेली, पहिल्या स्पर्धेचे फोटो गेले, फळा गेला, आता फळ्याही चालल्या. उद्या कुणी विचारलं की हा हॉल वर्षातले किती दिवस खेळासाठी उघडा होता, तर बुकिंगचं रजिस्टर लग्नांच्या तारखा सांगेल, खेळाच्या नाही.

माझ्याकडे 27 वह्या आहेत. शाळेच्या साध्या दोनशे पानी. त्यांत तारखा आहेत, वेळा आहेत, कोण आलं आणि किती आल्या ते आहे, हॉल कधी आणि का बंद होता ते आहे. मुलींची नावं मी झाकून देईन, बाकी सगळं तुमच्यासमोर ठेवायची माझी तयारी आहे. ज्या समितीला हव्या असतील तिनं झेरॉक्स काढून घ्याव्यात. त्यांवरून एप्रिल आणि मेचं नवं वेळापत्रक बसवता येईल, मी सोबत बसून मदत करीन. आणि नव्या हॉलच्या दारात तो काळा फळा परत लावा, रोजच्या वेळा खडूनं लिहा. बाहेरून जाणाऱ्या कुठल्याही मुलीला आत काय चाललं आहे आणि आपली पाळी कधी, ते वाचता आलं पाहिजे.

दहावी-बारावी सोडून बाकीच्या वर्गांच्या परीक्षा एप्रिलमध्ये संपतात. लग्नांच्या तारखा त्याआधी चार-पाच महिने धरल्या जातात, म्हणजे दिवाळीनंतर लगेच बुकिंग सुरू होईल. तुमचा निर्णय दिवाळीच्या आत झाला तर येत्या उन्हाळ्यात मुलांना जमीन मिळेल. तेवढ्यासाठी हे पत्र आजच टाकते आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका